हॉटेल सोडावे की हॉटेलचा व्यवसाय?

वाचकाचे पत्र :

"मी चोवीस वर्षांचा असून मूळचा गुहागर तालुक्यातील आहे. हॉटेल मॅनेजमेंटची तीन वर्षांची पदवी घेतल्यानंतर गेले अकरा महिने मी मुंबईत विमानतळाजवळच्या एका पंचतारांकित हॉटेलात, हाउसकीपिंग विभागात रूम अटेंडंट म्हणून काम करतो. सहा महिन्यांत सुपरवायझर करू, असे नेमणुकीच्या वेळी तोंडी सांगितले होते. रोज सोळा खोल्या मिळतात. ड्यूटी नऊ तासांची असली तरी बारा तास सहज होतात आणि आठवड्याची सुट्टी अनेकदा ऐन वेळी रद्द होते. गेल्या महिन्यात एका गेस्टचे घड्याळ सापडेना म्हणून मला सुरक्षा विभागात तीन तास बसवून ठेवले. घड्याळ त्यांच्याच बॅगेत निघाले, पण नंतर मला कोणी चकार शब्द बोलले नाही. गणपतीला घरी जाता आले नाही. 'एवढे शिकून शेवटी संडासच घासतोस,' असे मामा चारचौघांत म्हणतात. वडील बँकेच्या परीक्षा दे म्हणतात. एक एजंट दोन लाख रुपये घेऊन क्रूझवर लावतो म्हणतो आहे. मी काय करावे?"

प्रिय वाचक,

तुम्ही विचारलेला प्रश्न एकच असला तरी त्यात दोन प्रश्न गुंतले आहेत : हे हॉटेल सोडावे का, आणि हा व्यवसायच सोडावा का. हॉटेलावरच्या रागाने व्यवसाय सोडून नंतर हळहळणारी मुले मला हाउसकीपिंगमधील नोकरीच्या काळात पुष्कळ भेटली. तुमच्या तक्रारी मी एकेक करून पाहिल्या. लांबलेले तास, रद्द झालेली सुट्टी, न पाळलेला शब्द आणि घड्याळाचा प्रसंग, या सर्व तक्रारी तुमच्या हॉटेलाच्या कारभाराविषयी आहेत. खोली लावण्याच्या कामाचाच वीट आला आहे, असे तुम्ही कोठेही लिहिलेले नाही. म्हणून माझे मत सुरुवातीलाच सांगते : व्यवसाय इतक्यात सोडू नका, आणि हॉटेलाला आणखी तीन महिने द्या, पण ते तीन महिने नुसते सोसण्यात घालवू नका.

प्रथम तासांचा हिशेब मांडू. चेकआउट झालेल्या खोलीत चादरी, अभ्रे आणि टॉवेल बदलणे, बाथरूम घासून कोरडे करणे, मिनीबार आणि चहाचा ट्रे भरणे, धूळ पुसणे आणि शेवटी व्हॅक्यूम करणे, एवढ्याला सराईत हातालाही चाळीस मिनिटे लागतात. गेस्ट अजून राहत असलेल्या, म्हणजे स्टेओव्हर खोलीला पंचवीस मिनिटे धरा. सोळांपैकी नऊ खोल्या चेकआउटच्या आणि सात स्टेओव्हरच्या असतील, तर ३६० आणि १७५ मिळून ५३५ मिनिटे होतात, म्हणजे नऊ तासांना पाच मिनिटे कमी. यात सकाळचे ब्रीफिंग आणि जेवण धरलेले नाही. ट्रॉली भरण्यात, सर्व्हिस लिफ्टची वाट पाहण्यात, 'डू नॉट डिस्टर्ब' लावलेल्या खोलीकडे पुन्हा पुन्हा जाण्यात आणि सुपरवायझरने तपासणीत काढलेल्या उणिवा दुरुस्त करण्यात जाणारा वेळही त्यात नाही. तेव्हा तुमचे काम लांबते ते तुम्ही संथ आहात म्हणून नव्हे. सकाळी हाती पडणारे वाटपाचे पत्रकच नऊ तासांत न मावणारे असते, आणि ते लिहिणाऱ्याला हे ठाऊक असते.

असे का होते, हे समजून घेतले तर कोणाशी काय बोलायचे ते तुम्हाला कळेल. चेकआउटची वेळ साधारणपणे दुपारी बाराची आणि चेकइनची दोन किंवा तीनची असते, त्यामुळे दिवसभराच्या कामाचा सारा ताण त्या दोन-तीन तासांत एकवटतो. आज रात्री न विकलेली खोली उद्या विकता येत नाही, म्हणून फ्रंट ऑफिस शेवटची खोलीसुद्धा विकते आणि मग 'खोली कधी मिळेल' असे दर दहा मिनिटांनी हाउसकीपिंगच्या कंट्रोल डेस्कला विचारत राहते. विमानतळाजवळच्या हॉटेलांत त्यात विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची भर पडते. आंतरराष्ट्रीय विमाने मुंबईत बरीचशी रात्री येतात-जातात, त्यामुळे क्रूच्या खोल्या अवेळी रिकाम्या होतात आणि अवेळीच लागतात. व्यवस्थापन माणसे ठेवते ती सरासरी किती खोल्या भरतात त्या हिशेबाने. हॉटेल पूर्ण भरले की जी तूट पडते, ती कॅज्युअल कामगार बोलावून भरायची की असलेल्यांना थांबवून, हा निर्णय असतो, आणि बहुतेक ठिकाणी थांबवून घेणे स्वस्त पडते, कारण त्या जादा तासांची कोठेही नोंद होत नाही.

ही नोंद तुम्ही सुरू करा. एक छोटी वही ठेवून तारीख, आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ, मिळालेल्या खोल्या आणि त्यांतील चेकआउट किती, एवढेच महिनाभर लिहा. त्याबरोबर आणखी एक रकाना ठेवा : लिननसाठी, म्हणजे धुतलेल्या चादरी-टॉवेलसाठी, थांबावे लागले का आणि किती वेळ. हा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चांगल्या हॉटेलात प्रत्येक पलंगामागे चादरींचे किमान तीन, शक्यतो चार संच फिरते असावे लागतात : एक पलंगावर, एक लाँड्रीत, एक मजल्यावरच्या पॅन्ट्रीत आणि उरलेला राखीव. खरेदी लांबवली की हा साठा आटतो. मग मजल्यावरची मुले चादरी कपाटामागे दडवून ठेवू लागतात, शेजारच्या मजल्यावरून उसन्या आणतात, आणि लाँड्रीची ट्रॉली येईपर्यंत उघड्या गाद्यांसमोर उभी राहतात. तुमच्या जादा तीन तासांतील एक तास असा जात असेल, तर तुमच्या एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरलाही, म्हणजे विभागप्रमुखांनाही, ती वही हवीच असणार, कारण नव्या लिननसाठी वित्त विभागाशी भांडताना त्यांच्या हातात असा पुरावा क्वचितच असतो. 'काम फार आहे' या वाक्यावर त्या काहीच करू शकत नाहीत. 'या महिन्यात एवढे दिवस लिनन तीननंतर आले' या वाक्यावर त्यांना काहीतरी करता येते.

वही भरल्यानंतर आधी त्यांना भेटा, मनुष्यबळ विभागाकडे नंतर जा. क्रम उलटा केला तर त्यांना ती चुगली वाटेल. चेकआउट जास्त असलेल्या दिवशी खोल्या चौदा कराव्यात किंवा जादा तास नोंदवावेत, एवढीच मागणी ठेवा. आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम झाले, तर त्या तासांना दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो, हे महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये लिहिलेले आहे. मात्र नेमणूकपत्रात तुमचे पद काय आहे, ते आधी पाहा, कारण ट्रेनी, ठरावीक मुदतीचा कर्मचारी आणि कायम कर्मचारी यांची स्थिती सारखी नसते. मुंबईतील अनेक जुन्या तारांकित हॉटेलांत भारतीय कामगार सेनेसारख्या संघटना आहेत. तुमच्याकडे असेल तर तुम्ही तिच्या कक्षेत येता का, हे एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याला कॅन्टीनमध्ये विचारून घ्या. एका गोष्टीला मात्र कधीही मान्यता देऊ नका : आधी पंच आउट करून मग उरलेल्या खोल्या पूर्ण करणे. त्या वेळात तुम्हाला इजा झाली, तर कागदोपत्री तुम्ही इमारतीत नसता.

घड्याळाच्या प्रसंगाने मला राग आला, तो तुम्हाला प्रश्न विचारले म्हणून नव्हे. वस्तू हरवल्याची तक्रार आली की चौकशी होणारच. राग आला तो तीन तास बसवून ठेवल्याचा आणि त्यानंतरच्या मौनाचा. आजच्या कार्डाच्या कुलपात कोणते कार्ड किती वाजता लावले गेले, याची नोंद असते आणि सुरक्षा विभागाला ती काही मिनिटांत वाचता येते. तुम्ही त्या खोलीत कधी शिरला आणि त्यानंतर कोण शिरले, हे त्यावरून दिसले असते. यापुढे अशी वेळ आली तर घाबरून खुलासे देत बसू नका. माझ्या विभागप्रमुखांना बोलवा आणि कुलपाची नोंद काढा, या दोन मागण्या शांतपणे करा आणि घडलेले सर्व त्याच दिवशी वेळेसह लिहून ठेवा. ही नोंद तुमच्या बाजूने उभी राहावी यासाठी काही सवयी मात्र काटेकोर पाळाव्या लागतात. आपले कार्ड कोणालाही, अगदी मिनिटभरसुद्धा, द्यायचे नाही. दुसऱ्याच्या कार्डाने दार उघडून घ्यायचे नाही. 'किल्ली आत राहिली' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला दार उघडून न देता फ्रंट डेस्ककडे पाठवायचे. काम करताना दार उघडे ठेवून ट्रॉली दारात आडवी लावायची, आणि चेकआउट खोलीत सापडलेली वस्तू, मग ती चार्जरची वायर का असेना, तेथूनच कंट्रोल डेस्कला फोन करून वेळेसह नोंदवायची. दिलगिरीचे शब्द मागण्याची वेळ आता गेली आहे. पण एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरना भेटाल तेव्हा, तो प्रसंग तुमच्या वैयक्तिक फायलीत कसा नोंदला आहे आणि तुम्ही निर्दोष ठरल्याचे त्यात आहे का, हे अवश्य विचारा. पुढची नोकरी शोधताना त्या एका ओळीची किंमत कळते.

शरीराविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही, आणि चोविसाव्या वर्षी कोणी लिहीतही नाही. या विभागात कंबर आणि गुडघे जातात ते बहुधा वाकण्याच्या चुकीच्या सवयीमुळे. गादीची कड उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांत वाका, आणि गादी फिरवण्याचे काम एकट्याने कधीही करू नका. आर-सिक्स हे कमोडचे द्रावण आम्लयुक्त असते. ते हातमोज्यांशिवाय वापरू नका आणि त्यात ब्लीचिंग कधीही मिसळू नका, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. लवकर आवरावे म्हणून असे मिश्रण करणारी मुले मी पाहिली आहेत.

मामांविषयी थोडक्यात. सफाईचे काम हलके मानण्याची नजर आपल्याकडे जातीने घडवलेली आहे आणि ती एका लग्नसमारंभात वाद घालून बदलत नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात अकोमोडेशन ऑपरेशन्स, म्हणजेच हाउसकीपिंग, हा फूड प्रॉडक्शन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस आणि फ्रंट ऑफिस यांच्या बरोबरीचा विषय असतो, हे तुम्ही जाणता, मामा जाणत नाहीत. तेवढा फरक राहू द्या.

वडिलांचे म्हणणे मात्र मी बाजूला सारणार नाही, कारण त्यांना तुमच्या अपमानापेक्षा अनिश्चितीची काळजी आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या लिपिक परीक्षेला सर्वसाधारण वयोमर्यादा २८ आणि अधिकारी परीक्षेला ३० वर्षांची आहे. म्हणजे ते दार आज बंद होत नाही. पण बारा तास उभे राहून आल्यावर आकडेमोडीचा सराव होत नाही, हेही खरे. बँकेची नोकरी मनापासून हवी असेल तर वेळ काढून नीट अभ्यास करा. केवळ हॉटेलातून सुटका म्हणून हवी असेल, तर आधी एक बरे हॉटेल पाहून घ्या.

क्रूझच्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी-भरतीचा, परवाना असावा लागतो आणि नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेण्याची तिला मुभा नाही. परवानाधारक संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. पारपत्र, सीडीसी (जहाजावर काम करणाऱ्याचे ओळखपुस्तक), वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षेचे मूलभूत प्रशिक्षण यांचा खर्च वेगळा असतो, आणि तो ज्याच्या त्याच्याकडे पावती घेऊन भरायचा असतो. दोन लाख मागणारा माणूस या सर्वांना एकच 'पॅकेज' म्हणत असेल तर तेथूनच परत फिरा. शिवाय तासांना कंटाळून जहाजावर जाण्यात अर्थ नाही. तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या करारात आठवड्याची सुट्टी अशी नसतेच. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराने आखलेली कामाची कमाल मर्यादाही २४ तासांत १४ आणि सात दिवसांत ७२ तास इतकी मोठी आहे, आणि केबिन स्टुअर्डचे दिवस तिच्या जवळपासच जातात. पैसा साठवून कर्ज फेडायचे किंवा घर बांधायचे असेल तर कष्टाळू माणसाने जहाजावर जरूर जावे, आणि कोकण-गोव्यातील कितीतरी घरे त्याच पैशावर उभी राहिली आहेत. पण दीड-दोन वर्षांचा पंचतारांकित अनुभव हाती असला की तीच नोकरी अधिक बऱ्या पदावर मिळते, म्हणून आज ती घाई करू नये.

आता सुट्टीचे. हाउसकीपिंगमध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गची मुले पुष्कळ असतात आणि सगळ्यांना गणपतीचेच दिवस हवे असतात, म्हणून जो ऑगस्टमध्ये अर्ज करतो त्याला 'पाहू' एवढेच उत्तर मिळते. जूनमध्येच लेखी अर्ज द्या आणि त्यासोबत मोबदलाही देऊ करा. तुमच्या विभागात बंगालची मुले असतील तर त्यांना दुर्गापूजा हवी असते, ईशान्येकडील आणि गोव्याच्या ख्रिस्ती मुलांना नाताळ. त्यांच्यापैकी कोणाशी आधीच बोलून, 'मी नाताळ आणि ३१ डिसेंबर करतो, तू माझे गणपतीचे पाच दिवस कर,' असे ठरवून दोघांनी मिळून अर्ज दिला, तर रोस्टर करणाऱ्याला नाही म्हणायला कारण उरत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोणालाच सुट्टी नसते, हे गृहीत धरूनच हा सौदा करावा, म्हणजे तुम्ही काहीही न गमावता उदार दिसता.

सुपरवायझरपदाचा तोंडी शब्द आता लेखी करून घेण्याची वेळ आली आहे. वही घेऊन भेटाल, त्याच भेटीत विचारा : माझ्यात काय कमी आहे, आणि ते भरून काढले तर कोणत्या महिन्यात पद मिळेल? त्या संभाषणाचा गोषवारा त्याच संध्याकाळी नम्र ईमेलने त्यांना पाठवा. मधल्या काळात सकाळच्या मजल्याबाहेरचे काम शिकायला मागा : कंट्रोल डेस्क, लिनन रूममधील मोजदाद, संध्याकाळची टर्नडाउन सर्व्हिस (गेस्टच्या झोपेसाठी पलंग तयार करणे) आणि जमल्यास आठवडाभर फ्रंट ऑफिस. खोल्या लावणे येणारी माणसे पुष्कळ असतात, पण खोल्यांचे वाटप, लिननचा साठा आणि रोस्टर हे तिन्ही ज्याला येते, तो मोठ्या रुग्णालयात, फॅसिलिटी मॅनेजमेंटच्या कंपनीत किंवा लाँड्रीच्या व्यवसायातही उपाशी राहत नाही. तुमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर निवास-न्याहारीची घरे वाढत आहेत आणि त्यांतील बऱ्याच ठिकाणी जेवण उत्तम असले तरी चादर ओलसर असते, हे मी पर्यटक म्हणून अनुभवले आहे.

तीन महिन्यांनंतर काही बदलले नाही तर हॉटेल बदला. रेस्टॉरंटमधील मित्रांना सर्व्हिस चार्जचे पैसे मिळतात म्हणून विभाग बदलण्याचा मोह होईल. मात्र सर्व्हिस चार्ज ग्राहकावर सक्तीने लावता येणार नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे, तेव्हा त्या आकड्यावर पुढचे बेत आखू नका. मुलाखतीला जाल तेव्हा लॉबीच्या झुंबराकडे न पाहता टाइम ऑफिसच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या, दाराने आत जायला मिळते का, ते पाहा. पुढच्या आठवड्याचे रोस्टर फलकावर लागले आहे का, कर्मचाऱ्यांची स्वच्छतागृहे कशी आहेत, कॅन्टीनमध्ये रात्रपाळीला ताजे अन्न मिळते की दुपारचे उरलेले, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. मुलाखत घेणाऱ्यांना खोल्यांचा कोटा विचारा आणि बाहेर पडताना तोच प्रश्न एखाद्या रूम अटेंडंटला विचारा. दोन उत्तरांत चार खोल्यांचा फरक आढळला, तर तेथे जाऊ नका.

राजीनामा दिलाच तर तो डिसेंबरच्या गर्दीत देऊ नका आणि कंटाळून एक दिवस अचानक जाणे बंद तर मुळीच करू नका. मुंबईतील हाउसकीपर एकमेकांना ओळखतात आणि 'न सांगता गेला' ही नोंद पुढच्या हॉटेलच्या पडताळणीत हमखास निघते. नेमणूकपत्रातील मुदतीप्रमाणे नोटीस द्या, अनुभवाचे प्रमाणपत्र आणि रिलिव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय गणवेश व लॉकरची किल्ली जमा केल्याची पावती सोडू नका, आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा खाते क्रमांक, पुढच्या नोकरीत तोच द्या, नवा काढू देऊ नका. मूळ गुणपत्रिका त्यांनी जमा करून घेतल्या असतील, तर त्या मात्र नोटीस देण्यापूर्वीच परत मागून घ्या.